जाड दाण्याची बारूद

दिवस कलला, डुकरं मक्याच्या कडेला आली, तशी केरबाने ठासणीची बंदूक मागितली. बानाबाईने डबीतली बारूद मापभर मोजून नळीत ओतली. मोतीबिंदूमुळे नवऱ्याला माप दिसेनासं झालं, तेव्हापासून हे काम तिच्याकडेच होतं. ओतताना तिने मान वर केली नाही.

मनात चोर होता ना. दिवाळीनंतर केरबाचा खांदा निखळला, तेव्हा संभाजीनगरच्या डॉक्टरने दणका बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं. पण पिशोरच्या शिवारात तीस वर्षं डुकरं हाकलणारा माणूस कुणाचं ऐकतोय? मग परवान्यावरची बारूद आणायला मुलगा निघाला, तेव्हा तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, औंदा जाड दाण्याची आण. बारीक बारूद एका झटक्यात पेटते, छर्रे लांब जातात, पण दस्ता खांद्यावर लाथेसारखा बसतो. जाड दाणे सावकाश जळतात. बंदूक नुसती ढकलते.

केरबाने डोंगराच्या रिकाम्या अंगाला रोख धरून चाप ओढला. भस्सकन आवाज आला आणि धूरच धूर झाला. पूर्वी छर्रे पलीकडच्या खडकावर ताडताड वाजायचे, जाड बारूद आल्यापासून ते अलीकडच्या नाल्यातच पडत होते. डुकरांनी तोंडं वर केली, जरा इकडे पाहिलं आणि पुन्हा मक्यात घातली.

शेजारच्या बांधावर पुंजाराम उभा होता. "केरबातात्या, बंदूक लई म्हातारी झाली तुमची."

"झाली खरी," केरबा म्हणाला.

पुंजाराम हसत हसत पत्र्याचा डबा बडवत डुकरांमागे गेला. ज्याच्या बाराने अख्खं शिवार दचकायचं, त्याने असं मुकाट ऐकून घ्यावं, आणि तेही आपल्यापायी. बानाबाईला राहवलं नाही.

"आवं, बंदूक धड हाय. बारूद मी बदलली, तुमच्या खांद्यापायी. आता काय बोलायचं ते बोला."

"ठावं हाय."

"कवापासून?"

"पहिल्याच बाराला कळलं. डोळे गेलेत माझे, खांदा शुद्धीत हाय. कोण मारतंय अन् कोण ढकलतंय, ते समजतंय त्याला."

आता मात्र तिला रागच आला.

"मग त्या पुंजारामला गप करायचं की. गावभर सांगत फिरतोय, केरबाची बंदूक म्हातारी झाली म्हणून. मला चार बायांत उभं ऱ्हावंना."

"त्याला म्याच सांगितलं तसं. पारावर बसून."

"तुम्ही? अन् कशापायी?"

केरबाने बंदूक बांधावर आडवी ठेवली आणि चाचपत तिच्याशेजारी टेकला.

"लोक इचारत व्हते, आवाजाला काय झालं. तुझं नाव घेतलं असतं तर म्हणले असते, बायकोनं फसवलं केरबाला. म्हणून बंदुकीचं नाव घेतलं. तिला कुठं वाईट वाटतंय."