साध्या प्लॅनपुढची फुली

रजेचा अर्ज द्यायला ऑफिसात गेले, तर वेबसाइट बनवणाऱ्या बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बघा मावशी, तुम्हाला समजलं तर कुणालाही समजेल."

आमच्या रुग्णसेवेच्या दरांचे तीन रकाने होते: साधा, मध्यम, खास. जेवण भरवणं तिन्हींत होतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस बदलणं मात्र फक्त खासमध्ये. साध्यापुढे लाल फुली.

"मग साध्यातल्यांच्या पाठीला जखमा होऊ द्यायच्या?" मी विचारलं.

"कूस तुम्ही बदलताच की," मॅनेजर हसले. "पण छापील दरपत्रकातही हीच फुली आहे. ती बघून लोक घाबरतात, वरचा प्लॅन घेतात."

माझं डोकंच फिरलं. मी सांभाळते ते बारटक्के आजोबा साध्यातले. कमरेला पट्टा बांधलेल्या आजी मला बाजूला सारून स्वतःच त्यांची कूस बदलतात. "राहू दे गं," एवढंच म्हणतात. माझ्यावर भरवसा नाही असं समजून मी तीन महिने मनात त्यांना शिव्या दिल्या.

"समजलं ना?" बाईंनी विचारलं.

"चांगलंच," म्हणत मी मॅनेजरसमोरच फोन लावला. "आजी, कूस तुम्ही बदलायची नाही. ते माझं काम आहे, आणि त्याचे जास्त पैसे लागत नाहीत."