शुक्रवारी बारापर्यंत

“आजोबा, नुसता अंगठा दिलात तरी चालेल.”

मधुवंतीने शाईची डबी उघडून पुढे सरकवली. बाळा घाडींनी डबीकडे पाहिले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

“आंगठो देवचंय नाय मी. सय करतलंय.”

“मग आज करा ना. सोमवारी या म्हणालात, आले. आज बुधवार.”

“शुक्रवारी बारापर्यंत देवचा आसा ना तुका? तूच सांगलंस. आजून दोन दिस आसत. कित्याक जीव घेतंस गो म्हाताऱ्याचो?”

घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या खोलीत सकाळी त्यांची सून चंपा बालवाडी चालवी. खाटेवर एक दुरेघी वही उघडी पडली होती. चंपाने ती उचलून मुलांच्या वह्यांच्या ढिगात ठेवली आणि जमिनीवरची पेन्सिलीची टरफले पदराने पुसून गोळा केली.

“आमचं म्हातारं हट्टी आहे, ताई,” ती दारापर्यंत येत म्हणाली. “चहात साखर कमी पडली तरी दोन दिवस बोलत नाही. पण शब्दाचं पक्कं आहे. टेन्शन नका घेऊ.”

मधुवंतीला टेन्शन होतेच. गिरण्या बंद झाल्यावर उपनगरांत आलेल्या कोकणी कुटुंबांवर तिचा ऑनर्सचा प्रबंध होता. बारा मुलाखतींपैकी अकरा जणांनी संमतीपत्रावर सही किंवा अंगठा दिला होता. बारावे घाडी, आणि चौथे प्रकरण पूर्णपणे त्यांच्यावर उभे होते.

पहिल्याच भेटीत त्यांनी सगळे सांगितले होते. शाळा कधी पाहिली नाही. गिरणी बंद होताना कारकुनाने थकलेला पगार मिळेल म्हणत त्यांचा हात धरून कागदावर अंगठा दाबला. तो राजीनामा होता, हे पुढे आठ महिन्यांनी कळले. “आंगठो माझो होतो,” ते म्हणाले होते, “पण दिलो तेनी.” हेच वाक्य तिने प्रकरणाचे शीर्षक केले होते. त्या दिवशी कोरे संमतीपत्र तिने त्यांच्याकडेच ठेवले होते. चंपाने ते देवाच्या तसबिरीमागे सरकवले होते.

ज्याने आयुष्यात पाटी धरली नाही, तो माणूस सही करीन म्हणतो, याचा अर्थ मधुवंतीला एकच दिसत होता. कागदाचे भय त्यांना सोडत नव्हते, आणि नाही म्हणायचा त्यांना संकोच होता.

दुपारी मुलुंडला, महाविद्यालयात, इरावती मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“संमतीपत्र नसेल तर मुलाखत काढावी लागेल, मधू.”

“मग चौथं प्रकरणच उरत नाही, मॅडम.”

“तर ऑक्टोबरला दे. ऑनर्सची आपली ही पहिलीच तुकडी. एकेक कागद तपासला जाणार आहे.”

ऑक्टोबर म्हणजे पुण्याचा एम.ए.चा प्रवेश गेला.

गुरुवारी दुपारी बाइंडिंगवाल्याने घड्याळ दाखवले. “परिशिष्टासकट सगळी पानं चारपर्यंत द्या. नाहीतर उद्याचे बारा विसरा.”

बांधणीचा एक दिवस तिने हिशेबातच धरला नव्हता. घाडींनाही ती शेवटपर्यंत शुक्रवारच सांगत आली होती. तिने चंपाला फोन लावला.

“आत्ता येऊ का मी? पाच मिनिटांचं काम आहे.”

“आत्ता नको ताई, ते बसलेत.” चंपा दबक्या आवाजात बोलत होती. “आता मध्येच उठवलं तर चिडतील. उद्या नक्की.”

सोमवार, बुधवार, आणि आता पुन्हा उद्या. मधुवंती दुकानाबाहेरच्या बाकावर बसली. पिशवीतून तिने जादा संमतीपत्र काढले, शाईची डबी उघडली, डावा अंगठा टेकवला आणि घाडींच्या नावासमोर दाबला. शब्द सगळे त्यांचेच आहेत, तिने स्वतःला सांगितले, खूण तेवढी आपली. मग रुमालाने अंगठा घासला. जांभळा रंग पूर्ण गेला नाही.

शुक्रवारी साडेअकराला काळ्या बांधणीची प्रत इरावती मॅडमच्या टेबलावर होती. त्यांनी परिशिष्ट उलटून पाहिले आणि हसल्या.

“मिळालं शेवटी. छान झालं. खरं सांगू? चौथं प्रकरण वाचताना मला दोनदा थांबावं लागलं.”

मधुवंतीला हलके वाटले. ती पोचपावतीवर नाव लिहीत होती तेवढ्यात दारातून चंपाचा आवाज आला.

“ताई, बारा वाजले नाहीत ना अजून?”

तिच्या मागे घाडी होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि तळहाताने नीट सपाट केला. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे ठेवलेले, महाविद्यालयाचा पत्ता छापलेले तेच संमतीपत्र.

खाली तीन शब्द होते. बाळा गणू घाडी. ओळ उतरत गेली होती, आणि ‘घ’ दोनदा गिरवल्यामुळे कागद तिथे फाटायला आला होता.

“तीन आठवडे पोरांच्या वहीत गिरवतायत,” चंपा म्हणाली. “मला दम दिलेला, तिला सांगू नकोस म्हणून. काल तर जेवायलाही उठले नाहीत.”

“बघ गो,” घाडी म्हणाले. “वेळेत आसंय ना?”

इरावती मॅडमनी गोंधळून प्रत उघडली आणि पान त्यांच्यापुढे धरले.

“पण आजोबा, तुमचा अंगठा आहे की इथे.”

घाडी वाकले. जांभळ्या ठशाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. मग लेखणी धरलेल्या मधुवंतीच्या उजव्या हाताकडे, आणि त्याशेजारी कागद दाबून धरलेल्या डाव्या हाताकडे.

आपला कागद त्यांनी पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवला.

“ह्या खेपेक,” ते म्हणाले, “आंगठोय माझो नाय.”