खाली ठेवलेला कप
शेजारच्या उम्म सुफ्यानखालांनी दिलेला कॉफीचा कप मी न पिताच खाली ठेवला. आमच्या सॉल्ट या अरब शहरात काही मागायचं असलं की पाहुणा असं करतो. होकार मिळेपर्यंत घोट घेत नाही. मुलगी मागायला, खुनाची माफी मागायला ही रीत. मला मात्र विक्रीच्या गटात आणखी एक बाई हवी होती, म्हणजे मी प्रमुख होणार होते. “खाला, माझ्यासोबत डबे विका ना. घरी बायका बोलवायच्या, डबे दाखवायचे, बस.” “अगं, प्लास्टिकच्या डब्यांसाठी खुनाची कॉफी?” खाला हसल्या. मग त्यांनीही आपला भरलेला कप खाली ठेवला. “आता माझं मागणं. पूर्वी यायचीस तेव्हा कडेवर लेक असायची. हल्ली डब्यांची पिशवी. पुढच्या वेळी तिला आण.” मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. “प्या, खाला, दिलं,” म्हणत होकाराची वाट न पाहताच माझी गार कॉफी संपवली.