सौनाच्या भिंतीवरील खुंटी

सौनाच्या, म्हणजे वाफेने अंग शेकण्याच्या लाकडी स्नानघराच्या, बाहेरील खोलीत बाकावर बसून सायमीने बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि यंत्राच्या पट्टीस लावला. आकडा उमटला. असावयास हवा त्याच्या तिप्पट. वाफेत शिरण्यापूर्वी तो याहून कमी होता, आणि तेव्हाच तिने इन्सुलिनही टोचून घेतले होते.

तिची आई दारात उभी होती; तिचे नाव आउने. केसांतून पाणी निथळत होते. सायमीने आकडा झाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपालाच्या बोटीने सायमी समुद्रातील एका दूरच्या बेटावर जावयाची होती. पक्ष्यांची घरटी मोजण्याचे काम तिला सबंध उन्हाळ्यापुरते मिळाले होते. बेटावर ना रस्ता, ना डॉक्टर. बालपणापासून मधुमेहाची सोबत असलेल्या या एकुलत्या लेकीस आईने रुकार दिला होता, परंतु अट घालून. जाण्याच्या आदल्या दिवशी साखर बिघडता कामा नये.

"झालं तर मग," आउने म्हणाली. "बोट उद्या तुझ्यावाचून जाईल."

तदनंतर तिने लेकीने दुपारी कॉफीबरोबर खाल्लेल्या वेलदोड्याच्या गोड पावाचा उद्धार केला. दोन दिवसांपासून पाण्याचा जग कसा रिता होत आहे आणि लेक रात्री कितीदा उठत आहे, हेही तिने बोलून दाखविले. ती सर्व पाहत होती, केवळ बोलली नव्हती.

आतून, वाफेतून, सायमीच्या वडिलांचा, म्हणजे ताइस्तोचा, आवाज आला. "अगं, एका पावासाठी पोरीला फासावर देतेस का? आधी दार लाव. सगळी वाफ चालली."

सायमी हसली नाही आणि घाबरलीही नाही. इन्सुलिन कमी पडले की अंगात साठणारी विषारी आम्ले दाखविणारी लघवीची पट्टी तिने प्रथम तपासली. पट्टीस फिकट गुलाबी रंग आला.

"जांभळी झाली असती, तर मीच बाबांना गाडी काढायला लावली असती," ती म्हणाली. "अजून वेळ आहे."

पाण्याचे दोन पेले तिने सावकाश रिते केले आणि ती विचार करू लागली. पावाचा हिशेब तिने चोख केला होता. मात्राही त्या हिशेबानेच घेतली होती. तथापि एक गोष्ट जुळत नव्हती.

"आई, वाफेत बसलं की औषध अंगात लवकर भिनतं. दर शनिवारी इथे माझी साखर उतरते. म्हणून तर साखरेचे खडे घेऊन बसते मी. आज उतरायची ती चढली. पावाचं काही चुकलं नाही. औषधातच जीव नाही."

तिने खुंटीवरील कापडी पिशवीतून इन्सुलिन टोचण्याचे पेन काढले. नुकत्याच रित्या झालेल्या कॉफीच्या कपाइतके ते उबदार होते. मग तिने खुंटीखालील फळ्यांवर तळहात टेकविला आणि त्वरित मागे घेतला. त्या फळ्यांच्या पलीकडे सौनाची शेगडी होती. लेक जाणार म्हणून या आठवड्यात ती रोज सायंकाळी पेटविली गेली होती.

दूध नासले की नाकास कळते. इन्सुलिन उष्णतेने नासते तेव्हा ते पूर्वीइतकेच स्वच्छ दिसते, आणि म्हणून मनुष्य स्वतःच्या जिभेस दोष देत बसतो.

आउने त्या खुंटीकडे पाहत राहिली. ओल्या अंगाने लेकीस औषधासाठी घरापर्यंत धावावे लागू नये, एवढ्याच हेतूने तिने आठवड्यापूर्वी ती स्वहस्ते ठोकली होती. पिशवीही रोज तीच आणून अडकवीत असे.

"ती मीच..." ती म्हणाली.

"खुंटी चांगली आहे," सायमी म्हणाली. "टॉवेलापुरती."

घरात जाऊन तिने शीतकपाटातून नवे पेन काढले. सुईतून दोन थेंब बाहेर सोडून पाहिले आणि मात्रा घेतली. जास्त घे, दुप्पट घे, असे आईचे पाठीमागून चालले होते. सायमीने ऐकले नाही. जुन्या औषधात थोडा अंश उरलाही असेल, आणि दोन्ही मिळून साखर खोल खाली नेतील, हे तिला ठाऊक होते.

"औषधावर राग काढायचा नसतो, आई. द्यायचं आणि थांबायचं."

ती पायरीवर बसून थांबली. मधून मधून पाणी पीत राहिली. ताइस्तोने अंगणात विस्तवावर सॉसेज भाजली. लेकीच्या वाट्याची त्याने थाळीत झाकून ठेवली. रात्र होत आली, तरी उत्तरेकडील त्या प्रदेशातील उन्हाळी सूर्य खाडीवर तसाच रेंगाळत होता. आउने मात्र बसली नाही. ती एकसारखी घरातून अंगणात आणि अंगणातून घरात जात होती, आणि कोणी न विचारता सांगत होती की आपण भांडी आवरीत आहोत.

सायमीने पुन्हा बोट टोचले. आकडा उतरणीस लागला होता. लघवीची दुसरी पट्टी तपासली, तिच्यावर रंग उमटलाच नाही. या वेळी तिने यंत्र आईच्या हाती दिले. आउनेने चष्मा लावून आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुनश्च वाचला.

ताइस्तोने झाकलेली थाळी सायमीसमोर सरकविली.

पुष्कळ वेळाने आउनेने विचारले, "त्या बेटावर सौना आहे का गं?"

"असणारच की."

"आणि भिंतीला खुंटी?"

"ती पण असेल."

आउने उठून आत गेली. परतली तेव्हा तिच्या हातात एक जाड टॉवेल होता. दाराशी बांधून ठेवलेल्या लेकीच्या प्रवासाच्या पिशवीचा बंद तिने सोडला, टॉवेल आत दाबून बसविला आणि बंद पुन्हा घट्ट आवळला.