दहाव्याचा वस्तरा

निमगाव केतकीच्या सोपानतात्या न्हाव्याकडे दोन वस्तरे होते. एक रोजच्या दाढीचा. दुसरा वडिलांचा, जड पोलादी, दहाव्याला मुंडण करण्यापुरता. दुकानात तो कधी उघडायचा नाही.

सकाळी ज्ञानेश खुर्चीत बसला. "तात्या, आबांना आज बारामतीच्या दवाखान्यातनं घरी आणायचंय. जरा लवकर उरका."

आबासाहेब म्हणजे त्याचे वडील. तात्यांना एकेरीत हाक मारणारे गावात ते एकटेच उरले होते.

ज्ञानेशनं मान मागं टाकून डोळे मिटले. तात्यांना दरवेळी वाटायचं, देवापुढंसुद्धा माणूस आपला गळा इतका निर्धास्त सोडत नाही.

उजवा गाल झाल्यावर हाताला वजन जाणवलं. वस्तरा दहाव्याचा होता.

तात्यांनी पात्यावरचा फेस घाईनं कागदाला पुसला. फेसात केस होते, पांढरेशुभ्र. ज्ञानेश तर पंचविशीचा. डाव्या गालावरच्या फेसातून काळेभोर खुंट डोकावत होते.

वस्तरा मिटून ते दुसरा घ्यायला पेटीकडे वळले.

मागून, मिटल्या डोळ्यांनीच, ज्ञानेश म्हणाला, "सोपाना, अर्धी नगं ठिवू. त्योच वस्तरा घे."