चारोळीची नानखटाई

चारोळी लावलेली आचलची, बिनचारोळीची बाकी सगळ्यांची. मैनाबाईनं हे सकाळपासून दहा वेळा मनात घोकलं होतं. तरी तबक उचलताना तिनं दोन्ही रांगा पुन्हा एकदा तपासल्या.

तिवशाच्या तिच्या घरात आज लेकीचं, आचलचं, साक्षगंध होतं. बैठकीत अकोल्याचे पाहुणे बसले होते. मुलगा अमोल, शाळेत मास्तर. कापसानं लागोपाठ तीन सालं दगा दिलेला. पेपर उघडावा तर रोज कुठल्या ना कुठल्या गावची वाईट बातमी. अशात पगाराचं स्थळ चालून आलं होतं, आणि त्यांनी हुंड्याचं नावही काढलं नव्हतं.

आचलला अकराव्या वर्षापासून साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ सुई. घराबाहेर हे एकट्या आबेदाला ठाऊक होतं. अमरावतीच्या या मैत्रिणीनंच मैनाबाईला गोल ओव्हनमध्ये ज्वारीच्या पिठाची बिनसाखरेची नानखटाई भाजायला शिकवलं होतं; चारोळी ही तिचीच खूण.

"सांगून टाक न भाभी," आबेदा म्हणाली होती. "उद्या मालूम पडलं तं पोरीले घरी आणून सोडतील."

"लगन लागू दे. मग सांगतो."

कुंकू लावून झालं. मैनाबाई तबक घेऊन पुढे झाली, तेवढ्यात अमोलच्या आईनं, माणिकबाईनं, पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

"थांबा विहीणबाई. सुनेचं तोंड मी गोड करतो. बदामाच्या वड्या हायेत. पहाटे उठून सोता थापल्या."

"आमची नानखटाई आधी..."

"थे तं रोजच खाते ती. आज माह्या हातचं खाऊ द्या."

एक वडी आचलच्या तोंडात गेली. मग दुसरी. आचलनं आईकडे पाहिलं आणि निमूट गिळलं. चारचौघांत दुसरं काय करणार?

मैनाबाईला मागची गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात आचलनं हट्टानं वाटीभर बासुंदी खाल्ली होती, वर सुईही चुकवली होती. तिसऱ्या दिवशी तिला बेशुद्ध अवस्थेत अमरावतीला न्यावं लागलं होतं.

हातांना काहीतरी काम हवं म्हणून मैनाबाई अमोलकडे वळली. "घ्या जवाईबापू." तिनं बिनचारोळीची नानखटाई त्याला भरवली. मग आणखी एक.

"पुरे विहीणबाई," माणिकबाई म्हणाली.

"अवो, एवढ्यात पुरे? जवाई काय रोज येते?"

"मास्तर, लाजू नका!" मैनाबाईचा दीर खुशालराव कोपऱ्यातून ओरडला. "सासूच्या हातचं हाय, छडी नाही!"

सगळे हसले. अमोलनं तिसरी खाल्ली. चौथी हातात घेऊन त्यानं आईकडे पाहिलं, आणि तीही तोंडात टाकली.

"पुरे म्हटलं न!"

माणिकबाईचा आवाज एवढा चढला, की सगळे तिच्याकडे वळून पाहू लागले. मैनाबाईनं तबक खाली ठेवलं. काही चुकलं का? विहीण रागावली का? हिला काही कळलं तर नाही?

जेवणाची पानं वाढायला अजून वेळ होता. तासाभरानं साडी बदलण्याच्या निमित्तानं तिनं आचलला आतल्या खोलीत नेलं. घाईत कडी लावायचं राहून गेलं. धान्याच्या कोठीमागून तिनं साखर मोजायचं मशीन काढलं आणि पोरीचं बोट धरलं.

"चक्कर येते का? तोंड कोरडं पडते का?"

"मले काहीच होऊन नाही राहिलं, आई. तूच घाबरून राहिली."

रक्ताचा थेंब पट्टीवर टेकला. दोघी आकडा यायची वाट पाहत राहिल्या.

एकशे अठ्ठावीस.

मैनाबाईनं मशीन उजेडाकडे धरलं. दोन वड्या खाऊन एकशे अठ्ठावीस? बिघडलं की काय? तिनं दुसरी पट्टी लावली, दुसरं बोट टोचलं. एकशे तीस.

तेवढ्यात दार करकरलं.

उंबऱ्यात माणिकबाई उभी होती. तिची नजर मशीनवर गेली, मग आचलच्या बोटावरच्या लाल थेंबावर. मैनाबाईला वाटलं, संपलं सगळं. आता ही बाहेर जाईल, चार माणसांत बोलेल, आणि पाहुणे उठतील. "मी सांगणारच होतो," मैनाबाई घाईघाईनं म्हणाली.

माणिकबाईनं आत येऊन दार लोटलं. हळूच कडी घातली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि कपाळावर घाम डवरला होता.

"विहीणबाई," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "थे मशीन जरा अमोलपाशी आणता? आमचं घाईत अकोल्यालेच राह्यलं."