चंद्रावरचा माड

चंद्रावरच्या वस्तीतला एकुलता एक माड बारा मीटर वाढला आणि त्याच्या झावळ्या घुमटाच्या काचेला घासू लागल्या. त्या उतरवल्या नाहीत तर माडच तोडायचा, असं ठरलं. तेव्हा लेकीकडे राहायला आलेल्या सुरंगाबाई मयेकरांनी ते काम अंगावर घेतलं. वेंगुर्ल्यात असताना त्या बोलावणं येईल तिथे माड चढायला जायच्या. मग गुडघे दुखू लागले आणि सहा वर्षांपूर्वी चढणं सुटलं.

अवजारांच्या कोठारात तिथली देखभाल करणाऱ्या इरफानने त्यांच्यापुढे खिळ्यांचे बूट ठेवले.

"काकी, हेच घ्या. पकड घट्ट बसते."

"खोड दाबून बघितलंस का? इथे त्याला वजनच पेलावं लागत नाही, म्हणून मऊ राहिलंय. खिळे पार आत घुसतील."

त्यांनी रुंद पट्टा आणि कमरेचा दोर निवडला.

पहिलं पाऊल टाकताना त्यांनी सवयीने दात आवळले, पण गुडघा दुखलाच नाही. अंगाचं वजन सहाव्या हिश्श्यावर आलेल्या सुरंगाबाई खारीसारख्या शेंड्याला पोचल्या. झावळ्या उतरवून झाल्यावर त्यांनी एक शहाळं खाली सोडलं. ते इतकं सावकाश येत होतं, की कुणी झेलायचं यावरून इरफान आणि लेक यांच्यात वाद जुंपला.

"भांडू नका," सुरंगाबाई वरून म्हणाल्या, "दुसरं सोडते."